सोडतीच्या दिवसाचं कुंकू

माझं माहेर शिरगावचं, लग्न होऊन चिंचणीला आले. आमचे हे बोईसरला स्टेशनाबाहेर पेपर विकायचे. कारखाने तेव्हा नुकते उभे राहत होते, यूपी-बिहारची माणसं यायची, डोंगरातली यायची, आणि ह्यांनी एकदा मुंबईच्या एजंटाकडनं लॉटरीच्या तिकिटांचं बंडल आणलं, दोरीला चिमट्यांनी टांगलं, मग पेपर राहिले बाजूला, तिकिटंच खपायला लागली.

आता कुंकवाचं कसं झालं, काय सांगू तुम्हाला. मी दुपारी ह्यांचा डबा घेऊन जायची. एकदा स्टॉलवरच्या लक्ष्मीच्या फोटोला कुंकू लावलं नि बोटाला उरलेलं एका तिकिटाच्या कोपऱ्याला टेकवलं, आणि त्याच तिकिटाला बक्षीस लागलं, लहानसंच, पण लागलं. झालं. भाभी, तुमच्या हातचं लावून द्या, जो तो तेच. पाम गावची माणसंसुद्धा वाट वाकडी करून यायची. कोपऱ्यालाच लावायचं, आकड्यावर गेलं तर तिकीट बाद, तेवढं मी सांभाळायची. हे हसायचे, बोलायचे, तिकिटं माझी पण धंदा तुझ्या बोटावर हाय.

मग हे गेले. साधा ताप, तोच घेऊन गेला. दिवाळीच्या बंपरची तिकिटं आधीच आणून ठेवलेली. न खपलेलं तिकीट एजंट परत घेत नाय. सोडत होईपर्यंत ते तिकीट, झाली की रद्दी. आणि त्यानं निरोप धाडला, ही खपली तर पुढचं बंडल, नायतर स्टॉल दुसऱ्याला. पदरात दोन मुली, वर सासू. दिवसकार्य उरकलं तशी मी जाऊन बसले.

माणसं यायची, माझं कपाळ बघायची आणि समोरच्या लॉटरीच्या स्टॉलवर जायची. समोरच्यानं नवी सून बसवलेली, हातभर हिरव्या बांगड्या, पुढ्यात कुंकवाची कोयरी. मला कोणी काय बोललं नाय हो, बोलले असते तर भांडले असते. मान खाली घालून जायचे. राग यायचा मला, इतका राग यायचा.

सोडतीचा दिवस उजाडला. चारला सोडत, आणि दुपार झाली तरी दोरी भरलेली. सासू डबा घेऊन आलेली, ती पण तरुणपणीच रांडावलेली, आयुष्यात कोणाच्या हळदीकुंकवाला गेली नाय, आणि माझं कुंकू तिनंच पुसलेलं. तेवढ्यात शिवपूजन आला, लोखंडाच्या कारखान्यातला, गावी जाऊन आलेला, त्याला काय ठाऊक नाय. भाभी, टीका लगाके दो, बोलला, आणि मग त्यानं माझं कपाळ बघितलं. मीच बोलले, उधर जाओ, वो लगाके देगी. समोरची सगळी बघत होती. तो हलेना. बोलला, हमको आपके हाथ का चाहिए.

माझ्यानं हात उचलवेना. सासूकडे बघायची हिंमत होईना. तर म्हातारी उठली, लक्ष्मीपुढची कोयरी उघडली, माझ्यापुढं धरली आणि बोलली, लाव गं, कुंकू लक्ष्मीचं हाय, कोणाच्या नवऱ्याचं नाय.

दुसऱ्या हातानं मनगट धरलं, कुंकू आकड्यावर जाऊ नये म्हणून. लावलं. मग आणखी एक आला, मग पामचे दोघं आले, मग येतच राहिले. सगळी नाय खपली, चार वाजता उरलेली रद्दी झाली, पण बरीच गेलेली बघून एजंटानं पुढचं बंडल दिलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात शिवपूजनचा नंबर नाय. आता बोलतील, विधवेच्या हातचं, आणखी काय होणार. तो आला, तिकीट माझ्यापुढं ठेवलं. बोलला, भाभी, भैया थे तब भी कभी नहीं लगा. दूसरा दो. आणि मी हसले, ह्यांच्यामागं पहिल्यांदा हसले, आणि हसता हसता रडले.

त्यावरच मुली शिकल्या, लग्नं झाली. आता मशीनवरची लॉटरी आली, तिकिटाला कोपराच राहिला नाय. म्हातारीही गेली. स्टॉल बंद केला, कोयरी घरी आणली.

निघालात? थांबा, कुंकू लावून जा बाई. नंबर लागंल असं मी बोलत नाय, पण हात तोच हाय.