जर्मन मालिकेतली शिंपीण

माहेरचं नाव काढलं की तुम्ही मला हसता ना, मग हे ऐका. लग्न होऊन अमेरिकेत एडिसनला आले, त्या हिवाळ्यात टीव्हीवर दर शुक्रवारी एक जर्मन डिटेक्टिव्ह मालिका लागायची. फॅशनच्या दुनियेतली. मॉडेल्स, झगमगाट आणि दर भागात एक खून. ह्यांचं लक्ष खुनी शोधण्यात. मी मात्र मागे झगे शिवणाऱ्या म्हाताऱ्या शिंपिणीला बघत बसायचे. ओठांत टाचण्या धरून, तोंड न उघडता ती सगळ्यांना दटावायची. सांगलीला माझी आई शिवायला बसली की अगदी तश्शीच!

शेवटच्या भागात इन्स्पेक्टरने नेमक्या तिलाच बेड्या घातल्या. हे टाळ्या पिटत म्हणाले, "बघ! बाई पहिल्यापासून लबाड वाटत होती मला."

"माझ्या आईला काही बोलायचं नाही हं!"

बोलून गेले आणि मग माझं मलाच ऐकू आलं.

हे हसले नाहीत. टीव्ही बंद करून म्हणाले, "सांगलीला फोन लावू या?"

"अहो, तिकडे आत्ता कुठे उजाडत असेल."

"मग बरंच आहे की. अजून तोंडात टाचण्या नसतील."