बघणाऱ्याचं तिकीट

नाही हो भाऊ, लुटलं कुठं तुम्हाला — पोरीचं तिकीट काढलंत, ती आत गेली, तिला खुर्ची मिळाली, झालं की. बसा आता. ती खुर्ची नको, तिचा पाय गेलाय, ही घ्या. लग्नाच्या हॉलच्या खुर्च्या या, वऱ्हाडी मंडळी मागे रेलून रेलून पार वाट लावतात. विठ्ठलवाडीहून आलात म्हणता? मग तासदोनतासासाठी परत कुठं जाणार, बसा इथंच मंडपाच्या सावलीला. — तुमचं म्हणणं कळतंय मला. घरात पोरगं मोबाईलवर गेम खेळत बसलं की आपण बोंबलतो, चार्जर लपवून ठेवतो, आणि इथं तीच पोरं स्टेजवर बसून तोच गेम खेळणार आणि आपण पैसे भरून बघायचं — डोकं फिरल्यासारखंच आहे. मी काय वेगळं म्हणत होतो? शब्द न् शब्द हेच म्हणत होतो. पण ऐकायला पैसे नाहीत बघा. तो वर भोंगा दिसतोय ना, मंगलाष्टकं रस्त्यापर्यंत ऐकू जावीत म्हणून लावलेला, तो त्यांनी काढलाच नाही. आत माईकवर जे बोलतात ते सगळं बाहेर येतं. ऐकायला फुकट, बघायला तिकीट. — हे? हातावरची पट्टी? हो, तिकीटच आहे. काढलंय मी. आत एसी फार लावतात हो, माझा गुडघा धरतो, म्हणून बसलोय बाहेर.

खेळ कळतो का तुम्हाला? पोरीनं कधी सांगितला नाही? सोपा आहे. मलाही कोणी शिकवला नाही, ऐकून ऐकून कळला. पाच गडी इकडे, पाच तिकडे, समोरच्याला टिपायचं आणि आपलं ठिकाण राखायचं. टिपला की गडी बाद, मग जरा वेळाने परत उठतो — म्हणजे कबड्डीच की. मी तर कबड्डीच म्हणतो त्याला. एक चढाईला जातो, बाकीचे कोपरे धरून बसतात. आता तो भोंग्यातला पोरगा ओरडला ना, 'पीछे से आया, पीछे से आया' — म्हणजे कोपऱ्यातला गडी झोपला. हे मला कसं कळतं? मी खेळलोय ना. जांभूळचा मी. आता राहतो इथं अंबरनाथला, कंपनीत जन्म गेला, गावाला भाऊ असतो, मी आपला सणावाराला जातो. पण त्या काळी हा धर्मराज, म्हणजे मी, चढाईला निघाला की भोंग्यावर बोलणारा माणूससुद्धा श्वास धरून गप्प बसायचा. खोटं नाही सांगत. विचारा कोणालाही.

आणि तिथं तिकीट कुठलं हो? भात कापलं की शेत ठोकून काढायचं, चुन्याच्या रेघा मारायच्या, झालं मैदान. बघणारे बांधावर, आंब्यावर, बैलगाडीत. कोणी तिकीट म्हटलं असतं तर त्याला उचलून ओढ्यात टाकला असता. पण म्हणून फुकट बघून कोणी तसाच जात नव्हता हां. एखादी चढाई मनात भरली की बघणारा उठायचा, सरळ मैदानात यायचा, खेळ थांबायचा — गड्याचा उजवा हात धरायचा आणि त्यात नोट दाबायचा. भोंग्यावर नाव पुकारायचे, अमक्याकडून धर्मराजला बक्षीस. गडी नोट कपाळाला लावायचा, मग पुढची चढाई. समोरचा संघही कुरकुर करत नव्हता, पंच शिट्टी हातात घेऊन उभा राहायचा. रीतच होती ती. माझ्या बापानं एकदा दिली मला अशी नोट. घरी कधी बरा म्हणाला नाही मला — खेळून पोट भरतं का, हेच. पण त्या दिवशी मळणीवरून तसाच आला, अंगाला भुसा चिकटलेला, सगळ्या गावासमोर माझा हात धरला. नोट काय, खर्च झाली. पण हात कसा धरला होता ते अजून आठवतं मला.

हं. काय सांगत होतो? तिकीट. तर माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. कंपनीतलेच. त्यांचा मुलगा असाच, मोबाईलवर. शिकला, नोकरीला लागला, नोकरी सोडली, का तर गेम खेळणार. बापाची काय अवस्था होईल सांगा. रोज भांडण. आई मधे, ती बिचारी ताटात वाढता वाढता दोघांचं ऐकायची. एकदा पोरगा म्हणाला, बाबा, आमचा खेळ बघायला लोक तिकीट काढून येतात. बाप हसला. असा हसला, की पोरगा जेवता जेवता उठायचा बाकी राहिला. म्हणाला, तुला बघायला? पैसे देऊन? ज्या दिवशी एक जरी माणूस खिशातून पैसे काढून तुझा खेळ बघेल ना, त्या दिवशी मी सगळ्यांसमोर येऊन तुला बक्षीस देईन. — आता हे टोमण्यानंच म्हणाला होता तो. पण म्हणाला खरा. आणि बोललेलं त्याच्या डोक्यात राहिलं, कारण मागच्या दिवाळीआधी उल्हासनगरला असेच सामने झाले, त्या तीन नंबर कॅम्पातल्या सिंधी शेठच्या मुलाने भरवलेले — आजचेही त्याचेच — आणि बाप गुपचूप बघायला गेला. घरी सांगितलंच नाही. बायकोला म्हणाला, दाढी करून येतो.

आणि भाऊ, तिथं रांग होती. खरंच रांग. पोरं, पोरी, दोन-चार बायका लहान मुलांना कडेवर घेतलेल्या, आणि सगळे खिशातून पैसे काढत होते. खिडकीतल्या बाईनं विचारलं, कोणत्या टीमसाठी आलात काका? तर पुढं उभा असलेला एक अनोळखी पोरगा वळून म्हणाला, जितेशची टीम, दुसरी कुठली. अनोळखी हो. माझ्या — त्याच्या मुलाचं नाव एक परका माणूस घेतोय, पैसे मोजता मोजता. बाप आत जाऊन बसला. स्टेजवर नवरा-नवरी बसतात तिथं पोरं ओळीनं बसलेली, पिवळे टीशर्ट, कानावर ते मोठे हेडफोन, मागं भिंतभर पडदा. पोरगा डाव्या टोकाला. मान खाली. दोनच गडी उरले होते त्यांचे, समोर चार, आणि याने एकट्याने तिघांना टिपलं. अख्खा हॉल उभा राहिला. शेजारची बाई रडायला लागली, तिचं काही नातं ना गोतं. मग बापानं काय करावं? खिशात करकरीत नोट होती, बँकेतून मुद्दाम आणलेली. शब्द दिला होता. जिना कुठं ते बघितलं आणि मी वर चढलो.

चढला. — राहू द्या, कशाला आता. मीच तो. तुम्हाला कळलंच असेल मघाशीच.

मला वाटलं, थांबेल खेळ. आमच्याकडं थांबतो. माणूस बक्षीस घेऊन आला की थांबतोच, त्यात काय सांगायचं असतं? मी त्याच्याजवळ गेलो, शाब्बास म्हटलं — त्याला काय ऐकू येणार, कान बंद — आणि त्याचा उजवा हात धरला. माझ्या बापानं माझा धरला होता तसाच. मोबाईल पडला खाली. पडद्यावर त्याचा गडी तसाच उभा, हलेचना, आणि चौथ्याने येऊन त्याला टिपलं. मी नोट घेऊन उभा. मला वाटत होतं, आता भोंग्यावर नाव पुकारतील.

पंच आली. माधवी नाव तिचं, लहानशी पोरगी, पण कडक. तिनं सगळ्यांसमोर माईकवर नियम वाचला — खेळाडूच्या घरचा माणूस, नाहीतर त्यांचा शिकवणारा, खेळ चालू असताना खेळाडूजवळ आला तर अख्खा संघ बाद. बाहेरचा कोणी प्रेक्षक घुसला असेल तर त्याला काढायचं आणि डाव परत. मग तिनं जितेशला विचारलं, "हे तुझे कोण?" त्यानं हेडफोन काढले होते. माझ्याकडे नाही, खाली पडलेल्या मोबाईलकडं बघत होता. म्हणाला, "कोणी नाहीत. प्रेक्षक आहेत."

बरोबर केलं त्यानं. नाही, ऐका माझं, बरोबरच केलं. बाजूला चार पोरं बसली होती, वर्षभर त्याच्याबरोबर घासलेली, त्यांचं काय पाप? तो हो म्हणाला असता तर चौघं बापाच्या नावानं शिव्या घालत घरी गेली असती. मी कर्णधार असतो तर मीही हेच बोललो असतो. दोन पोरांनी मला दंडाला धरून बाहेर आणलं, नीट आणलं, काका काका करत. डाव परत झाला, आणि जिंकले ते. बाहेर उभं राहून ऐकलं मी. आनंद झाला मला. फक्त — भाऊ, त्याला जरा वेळ लागला असता ना, बोलायला. अडखळला असता. एवढंच वाटतं. फार पटकन म्हणाला.

नाही, भांडण नाही आमचं. तो मग उल्हासनगरलाच राहायला गेला, त्या पोरांबरोबर खोली घेऊन — सरावाला बरं पडतं म्हणून. बकुळेला, म्हणजे आमच्या हिला, फोन करतो रोज. मी असलो घरात की ती फोन माझ्यापुढं धरते, आणि तिकडून तो म्हणतो, नेटवर्क जातंय. मी म्हणतो, राहू दे, नंतर. मला वाटतं त्यालाच लाज वाटते माझ्यासमोर यायची. मला त्याच्यासमोर जायची वाटते. आता कोण कोणाला आधी हाक मारणार? एकदाच निरोप आला तिच्याकडून, की बाबांना सांग, हॉलमध्ये येऊ नका, ती पंच प्रत्येक सामन्याला असते, तिनं ओळखलं आणि कोणी सांगितलं की हे बापच, तर तेव्हाचा निकालही जाईल. आत्ताही आत तीच आहे. मघाशी बघितली मी तिला येताना, त्या केळीच्या कुंडीमागं उभा राहिलो.

म्हणून बाहेर. गुडघ्याला काही झालेलं नाही माझ्या. तिकीट मात्र काढतो, दर वेळी काढतो. प्रेक्षक म्हणालाय ना — मग प्रेक्षकाने तिकीट काढायला नको? आणि दुसरं असं, की या गल्ल्यातले थोडे खेळणाऱ्या पोरांना मिळतात, त्या शेठच्या मुलानेच सांगितलं मला. ती नोट मी मोडली आणि तिच्यातूनच त्यानंतरचं पहिलं तिकीट काढलं. हातात नाही घेतली त्यानं, खिडकीतून जाते. बक्षीसच ते. तुम्ही म्हणालात ना, बघायला कसले पैसे — म्हणून सांगितलं मी, नाहीतर इतकं बोलत नाही मी कोणाशी.

थांबा. थांबा, शेवटचा डाव आहे. — कोपरा धर. कोपरा धर रे. घाई नको. — आला. — गेला तो, संपलं. जिंकले. ऐकलंत? जिंकले, पिवळे जिंकले. तुमची पोरगी कोणाच्या बाजूची? पिवळ्यांच्या? मग छान. ऐका काय गलका आहे. नाही, मी बरा आहे. धूळ फार आहे इथं.

काय म्हणतोय तो? आईवडिलांना वर बोलावतोय. फोटो काढायचाय म्हणे, पोरांच्या घरच्यांनी स्टेजवर यावं. — नाही. नाही भाऊ, हात सोडा माझा. उठवू नका मला. तुम्ही चांगल्या मनानं सांगताय, पण ती पंच तिथं उभी असेल. आणि मी तुम्हाला जे सांगितलं ते तुमच्यापाशीच ठेवा, पोरीलासुद्धा सांगू नका, पोरींच्या तोंडून जातं. मी बोलायला नको होतं. — ऐका, एकेकाला विचारतोय. तुषारची आई आली. सम्यकचे दोघं आले. आता आमच्याला विचारतोय. 'कॅप्टन, आपके घर से कौन आया है?'

गप्प आहे. बघा, गप्पच आहे तो. किती वेळ लावतोय.

ऐकलंत? काय म्हणाला? तुम्ही ऐकलंत ना, मला सांगा. 'बाबा गावाला आहेत.' असंच म्हणाला ना? बाबा म्हणाला. माईकवर म्हणाला, सगळ्यांसमोर. बाबा गावाला आहेत. म्हणजे आहेत म्हणाला. कोणी नाहीत असं नाही म्हणाला. अडखळला पण, नाही? मला वाटलं अडखळला.

सुटले बघा लोक. तुमची पोरगी येईल, जा तुम्ही दाराशी, गर्दीत चुकामूक व्हायला नको. मी? मी निघतो. नाही, घरी नाही, ती रिक्षा जांभूळला जाते का विचारतो. भावाकडं राहीन दोन दिवस. पोरगा सांगून बसलाय ना चारचौघांत, बाबा गावाला आहेत म्हणून — मग मी इथं बसलेला दिसून कसं चालेल. सरका जरा भाऊ, जाऊ द्या मला.