हात कसा आहे?

भाची : ठेवली कात्री खाली. आता सांगा मामा, मी काम मागितलं त्या मोठ्या शिवणाच्या दुकानाच्या मालकीणबाईंचा फोन आला, तेव्हा माझ्याबद्दल काय बोललात?

मामा : चांगलंच बोललो. वेळेवर येते, टापटीप राहते.

भाची : आणि?

मामा : आणि काय? झालं.

भाची : त्यांनी विचारलं काय होतं?

मामा : कटिंगला हात कसा आहे म्हणून.

भाची : आणि तुम्ही सांगितलंत, वेळेवर येते!

मामा : येतेस की! एक शब्द खोटा असेल तर दाखव.

भाची : तीच तर पंचाईत आहे. खोटं असतं तर भांडता तरी आलं असतं. बाई म्हणाल्या, "सख्खा मामा, त्यानंच शिकवलं, आणि हाताबद्दल अवाक्षर नाही. मी काय समजायचं?"

मामा : ते त्यांनी मनानं काढलं. तिला कापता येत नाही, असं मी म्हणालो का?

भाची : म्हणायची गरजच ठेवली नाहीत!

मामा : लोकांच्या डोक्यात काय शिरेल, त्याला मी काय करू?

मामी : तुम्हीच शिरवता! आपलं लग्न नवं होतं तेव्हा माझ्या आईनं विचारलं, लेकीचा स्वयंपाक आवडतो ना? तर तुम्ही म्हणालात, "वाढते मात्र गरम." घरी जाऊन रडली बिचारी.

मामा : तू मशीन चालव. मध्ये पडू नकोस.

भाची : इथं कोटाची बाही कोण कापतं, मामा?

मामा : तू.

भाची : मग एवढंच सांगायचं होतं.

मामा : सांगितलं असतं, तर तू इथं राहिली असतीस?

(मामीचं मशीन थांबतं.)

भाची : मग मला तोंडानं म्हणायचं, थांब म्हणून.

मामा : परवा म्हणालो की. मोठ्या दुकानात दिवसभर उभं राहावं लागतं, पाय सुजतात.

भाची : ते "थांब" होतं?

मामा : मग काय होतं?

भाची : मी तर चांगल्या चपला घेऊन आले! कपाळ माझं! फोन लावा.

मामा : आत्ता?

मामी : आत्ताच.

मामा : हॅलो... बाई, भाचीबद्दल एक राहिलं. तिच्यासारखी बाही मलासुद्धा कापता येत नाही... अहो, खरंच सांगतोय... हो... हो. बरं.

भाची : काय म्हणाल्या?

मामा : एवढी चांगली आहे, तर सोडताय कशाला?

भाची : मग?

मामा : म्हटलं, सोडवत नाहीये. सोमवारपासून पाठवा म्हणाल्या.