फोटोमागची ओळ

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मोसंबी बागायतदार संघाचे चेअरमन आदरणीय गजाननराव, प्रमुख पाहुण्या आणि निवृत्त कृषी अधिकारी वंदनाताई, सचिव मुकुलराव, शहागड-वाटूरकडून आलेल्या बागायतदार बंधू-भगिनींनो, आणि जिच्यासाठी आपण अंबडच्या या सभागृहात जमलो ती आपली तृप्ती.

व्यासपीठावर कोण कुठे बसलंय ते आमच्या सौभाग्यवती कांताबाईंनी मला कानात सांगितलं. क्रम चुकला असेल तर दोष त्यांचा. काचबिंदूनं माझी नजर पुरती गेली, त्यानंतर तृप्ती संघाच्या ऑफिसात रुजू झाली. तिला मी ओळखतो ते आवाजावरून.

मंडळी, आपल्या संघाची वेबसाइट कशी झाली, आठवतं ना? आपल्याला फ्लेक्सची भारी हौस. संघाचं नाव, पत्ता, फोन नंबर, मालाची माहिती, सगळं फ्लेक्सवाल्याकडून रंगीत करून घेतलं आणि त्याचे फोटो तिथं चढवले. फोनला वाचता येईल असं एक अक्षर त्या पानावर नव्हतं. नुसती चित्रं!

तृप्ती म्हणाली, "काका, फोटोच्या मागं वर्णन लिहायची सोय असते. तुमचा फोन ते वाचून दाखवतो." मग तिनं एकेक फोटो बघून लिहायला घेतलं. मी बांधावर बसून फोन कानाला लावायचो. "आंब्या बहाराच्या हंगामातली मोसंबी, झाड इतकं लगडलंय की खाली बांबूचा टेकू दिलाय." हे ऐकलं की मला बाग दिसायची, हो, दिसायचीच. त्याआधी फोटो आला की मी कांताबाईंना विचारायचो. त्या म्हणायच्या, "मोसंबीच हाय. दुसरं काय असनार?" (हसू नका, त्या इथंच बसल्यात.)

पण झालं काय, की इंटरनेटवर आपला संघ शोधला की नावाखाली बारीक अक्षरांत एक ओळ येते. व्यापारी आधी ती वाचतो. आपल्या पानावर दुसरा मजकूरच नाही, तर ती ओळ यायची कुठून? ती आली फोटोमागून. दिल्लीच्या व्यापाऱ्याला काय दिसायचं? "ढिगाऱ्याशेजारी काळा चष्मा लावलेले रामकिसनराव, मोसंबी नाकाशी धरून वास घेताना." म्हणजे मीच!

मीटिंगमध्ये हशा पिकला. मुकुलराव म्हणाले, "अहो, ही काय जाहिरात हाय? लोक आपल्याला हसून राह्यलेत." त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. माल विकायचा तर नाव बराबर दिसलं पाहिजे. तृप्ती सांगत होती, "सर, पानावर दोन परिच्छेद साधा मजकूर टाका, नावाखालची ओळ आपोआप सुधारंल. फोटोमागचं राहू द्या." पण ठराव झाला. तिचं सगळं पुसलं आणि प्रत्येक फोटोमागं एकच लिहिलं: "जालना मोसंबी, उत्तम मोसंबी, घाऊक मोसंबी, मोसंबी."

पुढं दिल्लीहून फोन आला. "भाई साहब, आप माल बेचते हो या मोसंबी का जाप करते हो?" नावाखालच्या ओळीत तेच दिसत होतं ना! त्यांना वाटलं, ही बनावट साइट आहे. त्यांनी या बहाराला दुसरीकडून माल उचलला.

आणि माझं काय? मी फोन कानाला लावतो. पहिला फोटो, मोसंबी मोसंबी. दुसरा फोटो, मोसंबी मोसंबी. आमच्या बागेचा, गजाननरावांच्या सत्काराचा, गेल्या साली वारलेल्या वसंताचा, सगळ्यांचा फोटो एकच! वसंताच्या फोटोमागं तिनं लिहिलं होतं, "वसंतकाका हसताना, एक डोळा मिटलेला." तो तसाच हसायचा. मित्राचं ते हसू मला परत कुठून आणायचं? मुकुलराव म्हणाले, "मंग परत लिहून घेऊ की." कोणाकडून घेणार? तृप्ती परवा नाशिकला नव्या नोकरीवर रुजू होतेय. तिच्या जागी कोण येणार ते ठरलेलं नाही. मला चार ओळी सांगता येतील, पण कुठल्या फोटोत काय आहे हे मला कोण सांगणार? कांताबाई? त्यांचं उत्तर तुम्हाला माहीत आहे.

मी कोणावर रागावलेलो नाही. रागवायला तरी काही हाती लागलं पाहिजे. नुसतं वाटत राहतं, की दिवा दुसऱ्यांदा गेला.

तृप्ती बेटा, नाशिकला सुखात रहा. संघाच्या वतीनं, आणि त्याहून जास्त माझ्या वतीनं, तुझे आभार. अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण ऐकून घेतलंत, त्याबद्दल ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कोणाचं मन दुखावलं असेल तर म्हातारा समजून पोटात घाला.

एक विनंती तेवढी राहिली. आता आपला फोटोग्राफर प्रितम सगळ्यांचा एकत्र फोटो काढणार आहे. तृप्तीनं इतक्या जणांचं लिहिलं, पण त्यात तिचा स्वतःचा एकही फोटो नव्हता. ही पोरगी दिसते कशी, मला आजवर माहीत नाही. प्रितम, फोटो साइटवर जाईल आणि मागं पुन्हा मोसंबी लिहिली जाईल, ते मला थांबवता यायचं नाही. म्हणून फोटो काढलास की तिथंच उभा राहून मला मोठ्यानं सांग, ती कुठं उभी आहे, कुठल्या रंगाची साडी नेसलीय, आणि हसतेय का.