हरलेल्यासमोरची रांग

स्नूकरचा अंतिम सामना संपला, तेव्हा विजेत्याच्या सहीसाठी दारापर्यंत रांग लागली. हरलेल्यासमोर आम्ही तिघंच होतो. माझ्या पुढे इथल्या टेबलांची निगा राखणारा कामगार आणि त्याची बायको उभे होते.

"अहो, विजेत्याला सोडून इथे कुठे आणलंत मला?"

"माफी मागायला. मध्यंतरात टेबलाच्या कापडावर मी इस्त्री उलटी फिरवली. कापडाची लव उलटी बसली, म्हणून या खेळाडूचा शेवटचा चेंडू भरकटला."

"घरी एक रुमाल इस्त्री करत नाही, आणि इथे हा पराक्रम!"

"थट्टा नको गं. पंचांनी त्याला विचारलं, टेबलात काही खोट आहे का? तो हो म्हणाला असता, तर माझी नोकरी गेली होती."

"मग?"

"त्याने कापडावर बोटं फिरवली. त्याला कळलंच सगळं. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, टेबल उत्तम आहे, माझाच हात चुकला."

"देवमाणूस हो! जा, आपला नंबर आला."

"साहेब, सही नको. ती चूक माझी होती. तुमचे उपकार..."

"उपकार कसले, काका! माझ्या घरच्या टेबलाला इस्त्री करून द्याल? फक्त सुलटी फिरवा."

"फिरवतील! मी स्वतः शेजारी उभी राहीन."