शेवटच्या खेळाची चार माणसं

लेक: बाबा, विषय बदलू नका. पाटीचा मजकूर आज छापायला गेलाच पाहिजे.

बाबा: विषय कुठे बदललाय? थिएटरचा गाण्याचा हॉल करताना खुर्च्या उपटल्यात तुम्ही लोकांनी, एवढंच म्हटलं. गाणं काय उभ्यानं ऐकायचं?

लेक: हो, उभ्यानंच ऐकतात आता! पहिली रांग तेवढी ठेवलीये. त्यातल्या चार खुर्च्या शेवटच्या सिनेमाच्या प्रेक्षकांसाठी राखल्यात, पाटीवर त्यांचीच नावं घालायचीत. इथली मॅनेजर म्हणून माझी एवढीच हौस. जुन्या वहीत त्या खेळाची चारच तिकिटं खपलेली दिसली, तेव्हापासून महिनाभर शोधतेय त्या चौघांना, पेपरात दिलं, एक जण सापडेल तर शपथ!

बाबा: गेले असतील गाव सोडून.

लेक: चौघंही? सिनेमा दाखवायला तुम्हीच वर मशीनपाशी होतात. झरोक्यातून कोणीतरी दिसलं असेल की!

बाबा: अंधार होता.

लेक: मध्यंतरातसुद्धा? अहो, एकतीस वर्षं या हॉलचा इतिहास ऐकवून कान किटवलेत आमचे. झुंबर कधी आलं, बाल्कनीचा कठडा कोणी घडवला, सगळं तोंडपाठ. आणि नेमकं हेच आठवत नाही?

बाबा: चारपेक्षा कमी तिकिटं गेली तर खेळ रद्द, असा मालकांचा नियम होता.

लेक: त्याचं इथे काय?

बाबा: त्या दिवशी एकही गेलं नव्हतं. मी मशीन पुसून, फिल्म चढवून बसलेलो. बुकिंगवाला वर येऊन म्हणाला, चला, कुलूप लावू. मी खाली गेलो आणि चार तिकिटं काढली.

लेक: (हातातलं पेन खाली ठेवत) तुम्ही? आणि रिकाम्या हॉलला तीन तास सिनेमा दाखवलात?

बाबा: दाखवला. मध्यंतरात दिवेपण लावले.

लेक: आणि ती वही सापडेपर्यंत आम्हाला हाऊसफुल्ल होतं म्हणून सांगत आलात!

बाबा: मग काय सांगू? शेवटच्या दिवशी चिटपाखरू नव्हतं म्हणून?

लेक: घरी फोन करायचात! आई, दादा, मी, धावत आलो असतो.

बाबा: लाज वाटली गं.

लेक: धन्य आहे तुमची! मी सगळं गाव पालथं घातलं, आणि माणूस रोज माझ्यासमोर जेवायला बसतोय! ते काही नाही. दादाला बोलावून घेते. त्या चार खुर्च्यांवर आपण चौघं बसायचं.

बाबा: मी आपला वरच बरा. झरोक्यातून सगळं दिसतं.

लेक: बाबा!

बाबा: बरं बाई, बसतो खाली. पण मला कडेची खुर्ची दे. वळून बघता येईल, मागे किती माणसं आलीत ते.