शेजारणीचा टॅब

विश्रांतवाडीच्या बसमध्ये टॅबवर रहस्यकथा वाचणाऱ्या एका बाईंना शेजारच्या अनोळखी आजोबांनी डिवचलं, तशी मागच्या सीटवरच्या अपेक्षाने कानातले इअरफोन काढले.

“पुढच्या स्टॉपला उतरतोय, म्हणून स्पष्ट सांगतो. याला वाचन म्हणत नाहीत.”

“बरं. उतरा.”

“केवढी ती अक्षरं! पुस्तक आहे की दुकानाची पाटी?”

“माझे डोळे, माझी अक्षरं. तुम्हाला कोणी बोलावलंय वाचायला?”

“सहज नजर गेली. तो डॉक्टर खोटं बोलतोय, बरं का.”

“मी अजून तिथवर पोचले नाहीये!”

“मग आटपा की. मी कधीचा खोळंबलोय.”

आजोबांनी बोट जिभेला लावलं आणि स्वतःच पान उलटलं.

“अहो! काच आहे ती!”

“सवय हो. थांबा, पुसतो.”

“पुसा. आणि तुमचा स्टॉप मघाशीच गेला.”

“माहितीये. टॅब जरा इकडे धरा.”